विषाची परीक्षा

डिसेंबर उजाडला की हुबळी-धारवाडच्या जुन्या मराठी घरांतून दोन वाटा फुटतात. एक वाट पुण्याला जाते. कुंदगोळच्या रामभाऊंच्या स्मृतिप्रीत्यर्थ त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासाठी आमच्या पिढीतील मंडळी शाल, थर्मास आणि गुडघेदुखीच्या गोळ्या बरोबर घेऊन निघतात. दुसरी वाट अनमोडचा घाट उतरून गोव्यात जाते. त्या वाटेने आमची नातवंडे जातात. त्यांच्याही खिशात क्वचित गोळी असते. ती कसली असते हे आम्हांस ठाऊक नसते, आणि प्रस्तुत लेखाचे कारण असे की, ती कसली असते हे त्यांनाही ठाऊक नसते.

काही वर्षांपूर्वी आमच्या निकटच्या परिवारातील एक बावीस वर्षांचा मुलगा त्या वाटेने गेला तो परतला नाही. समुद्रकिनाऱ्यावरील रात्रभराच्या नाचगाण्यात त्याने आणि त्याच्या मित्रांनी एकेक गोळी घेतली. तासाभरात काहीच जाणवले नाही म्हणून त्याने दुसरी घेतली. मग अंग तापू लागले, दातखीळ बसली, बोलणे असंबद्ध झाले. मित्र घाबरले; परंतु मित्राच्या प्रकृतीपेक्षाही त्यांना पोलिसांची भीती अधिक वाटली. भाड्याच्या खोलीत त्याच्या अंगावर ओले टॉवेल घालीत त्यांनी अडीच-तीन तास काढले. रुग्णालयात नेले तेव्हा उशीर झाला होता.

त्याच्या निधनाची वार्ता लिहून देण्याचे काम आमच्याकडे आले. आमचे अक्षर बरे, भाषा बरी, म्हणून अशी कामे आमच्याकडे येतात. आम्ही लिहिले, 'अल्पशा आजाराने निधन'. ती वार्ता याच पत्रिकेच्या शेवटच्या पानावर छापली गेली आणि वाचकांपैकी अनेकांनी ती वाचून हळहळ व्यक्त केली. ते वाक्य खोटे होते. त्या घराची अनुमती घेऊनच आज हे लिहीत आहोत. नाव-गाव सांगणार नाही.

शवविच्छेदनानंतर व्हिसेरा राखून ठेवून तपासणीसाठी पाठवण्यात आला. अहवाल हाती येईतो आठ महिने उलटले. त्यात जे नाव होते ते मुलांनी मागितलेल्या पदार्थाचे नव्हते. त्याच्या मित्रांनी ते नाव कधी ऐकलेही नव्हते. अहवाल वाचून झाल्यावर त्या मुलाची धाकटी बहीण आम्हांला म्हणाली, "आजोबा, आठ महिन्यांनी हे कळलं. हे त्या रात्री कळण्याची काहीच सोय नव्हती का?" आम्ही निरुत्तर झालो. सोय नव्हती हे खरे. परंतु ती करता आली नसती, हे मात्र खरे नाही. हीच गोष्ट आज मांडावयाची आहे.

आम्ही राज्य सरकारच्या सेवेत तीस वर्षांहून अधिक काळ अन्नभेसळ प्रतिबंधाच्या कामात घालवली. धारवाड जिल्ह्याचे विभाजन होऊन १९९७ साली गदग आणि हावेरी वेगळे झाले, त्या आधी आणि नंतरही या तिन्ही मुलखांतील बाजार आम्ही पायाखाली घातले. दुधाचा नमुना घ्यावा, त्याचे तीन भाग करावेत, फॉर्मेलिनचे थेंब टाकावेत, लाखेने मोहोर करावी आणि सार्वजनिक विश्लेषकाकडे धाडावा, हा आमचा नित्यक्रम. हळदीत मेटॅनिल यलो हा रंग मिसळला असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच ती किरमिजी होते. हे आम्ही शाळाशाळांतून दाखवले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यात बारावे कलम होते. पदार्थ विकत घेणाऱ्या कोणाही सामान्य माणसास शुल्क भरून त्याची सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घेण्याचा अधिकार त्या कलमाने दिला होता. तो कायदा जाऊन २००६ चा नवा कायदा आला, तरी हा अधिकार चाळिसाव्या कलमात कायम राहिला. आपण जे तोंडात घालतो त्यात काय आहे हे जाणण्याचा अधिकार माणसाला आहे, हे तत्त्व आपल्या कायद्याला अपरिचित नाही.

सुज्ञ वाचक येथे आम्हांस अडवतील. दूध आणि हळद यांची तुलना बेकायदा अमली पदार्थाशी कशी होईल? दूध घेणे हा गुन्हा नाही, ही गोळी घेणे हा गुन्हा आहे. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आम्ही देणार आहोत. परंतु प्रथम ही गोळी म्हणजे काय आणि ती घातक का ठरते, ते पाहू.

अशा मेजवान्यांतून जो पदार्थ प्रामुख्याने मागितला जातो त्याचे नाव एमडीएमए, बोलीभाषेत एक्स्टसी. तो स्वतःही निरुपद्रवी नाही. त्याने शरीराचे तापमान वाढते, तहानेचे भान सुटते, आणि दाटीवाटीत तासन् तास नाचणाऱ्याचे शरीर तापून अवयव निकामी होऊ शकतात. उलटपक्षी भीतीपोटी कोणी अतोनात पाणी प्यायला तर रक्तातील सोडियम उतरून मेंदूला सूज येते. परंतु बाजारात एमडीएमए म्हणून जे मिळते ते एमडीएमएच असेल, याची शाश्वती कोणी द्यावी? पीएमएमए नावाचा त्याचा एक दुष्ट भाऊबंद आहे. त्याचा अंमल सावकाश चढतो. घेणाऱ्यास वाटते की गोळी हलकी आहे, म्हणून तो दुसरी घेतो, आणि मग दोन्हींचा अंमल एकदम चढून शरीर भट्टीसारखे तापते. आमच्या परिवारातील मुलाने दुसरी गोळी का घेतली, हे वर सांगितलेच आहे.

महाराष्ट्रात तर नावाचाच घोटाळा आहे. मुंबई-पुण्यात 'एमडी' या नावाने विकले जाते ते मेफेड्रोन. ते २०१५ साली अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातून पोलिसांनी त्याचा शेकडो किलोंचा साठा पकडला. म्हणजे हे विष परदेशातून चोरवाटेने येते असेही म्हणण्याची सोय उरलेली नाही. ते आपल्याच मुलखात, आपल्याच रसायनशास्त्राच्या पदवीधरांना हाताशी धरून तयार होते. मेफेड्रोन आणि एमडीएमए हे वेगवेगळे पदार्थ आहेत. मेफेड्रोनचा अंमल लवकर ओसरतो, म्हणून घेणारा ते पुन्हा पुन्हा घेतो. नावातील दोन अक्षरांच्या साम्यामुळे एकाच्या जागी दुसरे आणि दुसऱ्याच्या मापाने पहिले घेतले गेले, तर दोष कोणाला द्यावा? विक्रेत्याला लाज नाही, घेणाऱ्याला ज्ञान नाही, आणि ज्यांना ज्ञान आहे ते गप्प आहेत.

ज्ञान असलेल्यांनी गप्प न राहण्याचे ठरवले तर काय होते, याचे उदाहरण पाहण्यासाठी थोडे दूर जावे लागेल. नेदरलँड्समध्ये १९९२ पासून सरकारच्या आरोग्य खात्याच्या पाठबळाने अशा पदार्थांची तपासणी होते. माणूस आपली गोळी केंद्रावर नेतो, नाव सांगत नाही, तिचा नमुना देतो; तपासणीअंती त्यात काय आहे आणि किती आहे हे त्याला कळते. त्याच वेळी प्रशिक्षित माणूस त्याच्याशी बोलतो. डिसेंबर २०१४ मध्ये तेथे सुपरमॅनचे चिन्ह असलेली एक गुलाबी गोळी तपासणीस आली. तिच्यात एमडीएमए नव्हते, पीएमएमए होते आणि तेही प्राणघातक मात्रेत. सरकारने तात्काळ देशभर इशारा दिला. तेथे त्या गोळीने कोणी दगावले नाही. तीच गोळी समुद्र ओलांडून इंग्लंडमध्ये गेली. तेथे अशी व्यवस्था नव्हती. नाताळ ते नववर्ष या आठवड्याभरात तेथे चार तरुण मृत्युमुखी पडले. गोळी एकच, समुद्राची अरुंद पट्टी मध्ये. एका काठावर इशारा, दुसऱ्या काठावर अंत्ययात्रा. याहून स्पष्ट धडा कोणता हवा?

पुढे इंग्लंडनेही बोध घेतला. २०१६ पासून तेथील काही संगीत महोत्सवांत तपासणीचे तंबू उभे राहिले, आणि पहिल्याच वर्षी आपला पदार्थ तपासून घेतलेल्यांपैकी सुमारे एक-पंचमांश लोकांनी जवळचा उरलेला साठा नष्ट करण्यासाठी देऊन टाकला. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे २०१८ आणि २०१९ साली एका संगीत महोत्सवात हा प्रयोग झाला. दुसऱ्या वर्षी सात नमुन्यांत एक अत्यंत घातक रसायन सापडले. ते आणणाऱ्या सर्वांनी ते तेथल्या तेथे टाकून दिले. न्यूझीलंडने २०२० साली तात्पुरता आणि २०२१ साली कायमचा कायदा करून या सेवेला पूर्ण मान्यता दिली. उपकरणे म्हणाल तर फार अवघड नाहीत. काही थेंबांच्या रासायनिक कसोट्या आहेत. एका कसोटीत एमडीएमए असल्यास जांभळा-काळा रंग उमटतो. हळदीच्या परीक्षेचीच ही जातकुळी. परंतु थेंबाची कसोटी पदार्थ सुचवते, मात्रा सांगत नाही आणि मिश्रणात चकते. म्हणून जबाबदार केंद्रे अवरक्त किरणांचे यंत्र आणि प्रशिक्षित रसायनतज्ज्ञ ठेवतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, तपासणी म्हणजे परवानगी. सरकारने तंबू टाकला म्हणजे घ्यावयास हरकत नाही असा अर्थ मुले काढतील. मराठी वाचकाला हा युक्तिवाद नवा वाटू नये. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा हाच युक्तिवाद त्यांच्या तोंडावर फेकला गेला होता. माहिती दिली म्हणजे अनीती शिकवली, असे म्हणणाऱ्यांपायी त्यांची प्राध्यापकी गेली. 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले, त्यांपैकी एकात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. आज तीच माहिती सरकार भिंतीभिंतींवर रंगवते. ज्यांनी कर्व्यांना वेडे ठरवले त्यांची नातवंडे नियोजित कुटुंबात सुखाने नांदत आहेत. माहितीने माणूस बिघडतो या समजुतीने मराठी समाजाची एकदा पुरेशी हानी केलेली आहे.

शिवाय तपासणीच्या तंबूत जे सांगितले जाते ते ऐकले तर हा आक्षेप टिकत नाही. तेथे कोणी 'ही गोळी चांगली' असे म्हणत नाही. 'कोणताही अमली पदार्थ सुरक्षित नाही' या वाक्यानेच बोलण्याची सुरुवात होते. पोलीस, पालक आणि प्राध्यापक यांना जे मूल कधी सामोरे येत नाही, ते आपल्या पायांनी तेथे येते आणि जाणकार माणसाचे शब्द ऐकून घेते. व्यसनमुक्तीवरच्या आमच्या शेकडो व्याख्यानांना हे साधले आहे काय? त्या व्याख्यानांना आम्ही स्वतः अध्यक्ष म्हणून बसलो आहोत. समोरच्या खुर्च्यांवर निवृत्त मंडळी होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तपासणीने खोटा दिलासा मिळतो. एमडीएमए शुद्ध निघाले तरी ते मारू शकते. हे खरे आहे आणि आम्ही ते वर मान्य केले आहे. एवढ्याने मृत्यूंची संख्या नेमकी किती घटते, हे मोजणे दुष्कर आहे, हेही मान्य. ऑस्ट्रेलियातीलच क्वीन्सलँड राज्याने सुरू केलेली ही सेवा सरकार बदलल्यावर २०२५ साली बंद पडली. म्हणजे जगात याविषयी एकमत झाले आहे असेही नाही. परंतु मर्यादा असणे आणि निरुपयोगी असणे यांत अंतर आहे. दुधात पाणी नाही एवढे सांगणारे लॅक्टोमीटर त्यातील जंतू दाखवत नाही; म्हणून आम्ही ते कधी फेकून दिले नाही.

तिसरा आक्षेप कुजबुजीच्या स्वरूपात येतो. ही श्रीमंतांच्या पोरांची थेरे. त्यांच्या चैनीसाठी सरकारने पैसा का घालावा? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार अशा उत्तेजक पदार्थांचे सेवन करणारे हजारात दोनही भरत नाहीत. दारू पिणारे मात्र शेकडा चौदाहून अधिक आहेत. मग दारूचेच पाहू. दारूच्या बाटलीवर सरकार काय छापावयास लावते? ४२.८ टक्के अल्कोहोल. म्हणजे मात्रेचे ज्ञान प्राण वाचवते हे सरकारला पक्के ठाऊक आहे. आणि जेथे ते छापलेले नसते तेथे काय होते, हेही आम्ही पाहिले आहे. १ जुलै २००७ रोजी आमच्या राज्याने सारायीवर बंदी घातली. मे २००८ मध्ये बंगळूर, कोलार आणि शेजारच्या तमिळ मुलखात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने दीडशेहून अधिक माणसे मेली. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे अशीच गेली. ती सारी हातावर पोट असलेली माणसे होती. विष कोणत्या पेल्यातून येते यावरून मरणाची किंमत ठरत नाही. अज्ञात मिश्रण हेच दोन्हीकडे मारेकरी आहे. झोपडी आणि समुद्रकिनारा हा केवळ पत्त्यातील फरक.

चौथा आक्षेप कोणी बोलून दाखवत नाही, पण तोच सर्वांत बलवान आहे: आमची मुले तसली नाहीत. आम्ही पेशवाईतल्या सरदारांबरोबर आलो, रेल्वेच्या कचेऱ्यांत आणि मुंबई इलाख्याच्या शाळांत चाकरीला आलो, चार पिढ्या परमुलखात अब्रूने राहिलो. आमच्या घरात हे असणे शक्य नाही. वाचकहो, अफूची बाळगोळी देऊन तान्ह्या मुलांना झोपवण्याची रीत आपल्याच इलाख्यातील होती. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आयांची ती लाचारी होती, हे खरे. पण सुखवस्तू घरांनाही ती डबी अपरिचित नव्हती. त्या गोळीत अफू किती, हे देणारीला ठाऊक नसे. नशा परकी नाही आणि अज्ञानही परके नाही. परकी आहे ती फक्त कबुली.

आता कायद्याविषयी. १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा कठोर आहे आणि विक्रेत्यांच्या बाबतीत तो कठोरच असावा, याविषयी आमच्या मनात शंका नाही. आम्ही आयुष्यभर भेसळखोरांवर खटले भरले. विष विकणाऱ्याविषयी आमच्या ठायी दया नाही. परंतु त्याच कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने केवळ सेवनासाठीही सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एमडीएमएच्या बाबतीत अर्धा ग्रॅमपर्यंतची मात्रा अल्प समजली जाते; तेवढी जवळ बाळगणे हाही गुन्हाच. आज एखाद्या डॉक्टरने सद्भावनेने मुलाच्या हातातील गोळी तपासण्यासाठी घेतली तर तिचा ताबा घेतल्याचे बालंट त्याच्यावर येऊ शकते. पंचविसाव्या कलमानुसार आपल्या जागेत जाणूनबुजून असा गुन्हा होऊ देणारा जागाचालकही दोषी ठरतो. त्यामुळे कोणता आयोजक तपासणीचा तंबू उभारून 'येथे हे चालते' अशी लेखी कबुली देईल? तो प्रवेशद्वारावर निषेधाचा फलक लावतो, श्वान उभे करतो आणि हात झटकतो. कुत्र्याला पाहून घाबरलेला मुलगा जवळचे सगळे एकदम गिळून टाकतो, हा धोका परदेशांतील चौकशांतून पुढे आलेला आहे.

गोव्यात हे प्रसंग नवे नाहीत. २००९ साली कांदोळी येथील अशाच महोत्सवात एक तरुणी गेली. २०१९ च्या डिसेंबरअखेरीस वागातोरच्या महोत्सवाच्या दिवसांत तीन तरुण पर्यटक दगावले. दर वेळी अमली पदार्थाच्या अतिसेवनाचा संशय व्यक्त झाला, दर वेळी व्हिसेरा राखून ठेवल्याची बातमी आली, विधानांची देवाणघेवाण झाली आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा रोषणाई झाली. वरातीमागून घोडे ही म्हण आपण विनोदाने वापरतो. येथे ती अंत्ययात्रेमागून धावते आहे. ज्या प्रयोगशाळेत मृताच्या जठरातील पदार्थ ओळखता येतो, त्याच विद्येने जिवंत माणसाच्या तळहातावरील पदार्थही ओळखता येतो. विद्या आहे, यंत्रे आहेत, माणसे आहेत. फक्त क्रम उलटा आहे.

हा क्रम सुलटा करण्यास आपला कायदा सर्वस्वी प्रतिकूल आहे असेही नाही. आठव्या कलमातील बंदीला वैद्यकीय आणि वैज्ञानिक प्रयोजनांचा अपवाद आहे. कलम ६४अ स्वेच्छेने उपचारास येणाऱ्या व्यसनी माणसास खटल्यापासून संरक्षण देते. मणिपूर राज्याने १९९६ मध्येच एड्सविषयक धोरणात हानी कमी करण्याचा मार्ग स्वीकारला. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमातून सुईने नशा करणाऱ्यांना निर्जंतुक सुया आणि पर्यायी औषध देण्याची व्यवस्था झाली. सरकारने सुई दिली ती नशेस उत्तेजन म्हणून नव्हे, माणूस एचआयव्हीने मरू नये म्हणून. आणि अपघातग्रस्ताला रुग्णालयात नेणाऱ्यास पोलिसी ससेमिऱ्यापासून संरक्षण देणारे कलम २०१९ साली मोटार वाहन कायद्यात आलेच आहे. रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसाला उचलणाऱ्यास जे अभय मिळते ते खोलीत तडफडणाऱ्या मित्राला उचलणाऱ्यास का मिळू नये? ते असते तर आमच्या परिवारातील मुलाच्या वाट्याला ते अडीच-तीन तास आले नसते.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, आणि जिला पैसाही लागत नाही ती अशी: पोलिसांनी पकडलेल्या मालाची न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासणी होतेच, घातक मिश्रण आढळले की त्याचा रंग, चिन्ह आणि घटक यांची माहिती, खटल्यास बाध न आणता, तात्काळ लोकांसमोर जाहीर करावी. भेसळयुक्त तेलाची वार्ता आम्ही वृत्तपत्रांना देत होतो. याची का देऊ नये? दुसरी: जीव धोक्यात असलेल्या सोबत्याला रुग्णालयात आणणाऱ्यावर, आणि त्या रुग्णावरही, केवळ सेवनाबद्दल कारवाई होणार नाही असे कायद्यात स्पष्ट लिहावे. तिसरी: डिसेंबरच्या महोत्सवांसाठी गोव्यात, वैद्यकीय महाविद्यालयाच्या देखरेखीखाली आणि केंद्र सरकारच्या लेखी अनुमतीने, तपासणीचा एक तंबू प्रायोगिक स्वरूपात उभारावा. त्याचे निष्कर्ष जाहीर करावेत. प्रयोग फसला तर तसे सांगावे आणि तंबू गुंडाळावा. प्रयोगच न करता निकाल देणे हे आमच्या खात्यात कधी चालले नाही.

विषाची परीक्षा पाहू नये, असे आपले पूर्वज सांगून गेले. ते खोटे नव्हते. जिभेवर ठेवून विषाची परीक्षा पाहणारा वाचत नाही. आमची नातवंडे नेमकी तीच परीक्षा जिभेवर पाहत आहेत, कारण काचेच्या नळीत ती पाहण्याची मुभा आपण कोणालाच दिलेली नाही. परीक्षा होणारच आहे. ती नळीत व्हावी, जिभेवर होऊ नये आणि शवागारात तर मुळीच होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

राहिला प्रश्न आपला, म्हणजे या पत्रिकेच्या वाचकांचा. सरकारकडे मागणी करण्यापूर्वी एक गोष्ट आपल्या हातची आहे. गोव्याला निघालेल्या नातवाला 'नीट राहा रे' एवढेच म्हणून आपण दार लावून घेतो. 'तसले काही घेऊ नको. आणि कोणाला काही झालेच तर आधी रुग्णालय गाठ, पोलिसांचे आम्ही पाहून घेऊ' हे दुसरे वाक्य कोणत्या आजोबाने उच्चारले आहे? आम्ही उच्चारले नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणत आपण मूठ झाकून ठेवली आणि मुठीतली गोळी तशीच राहिली.

त्या मुलाच्या आईवडिलांच्या संमतीने आम्ही संपादकांना एक पत्र दिले आहे. आम्हीच लिहिलेल्या त्या निधनवार्तेची दुरुस्ती पुढील अंकाच्या शेवटच्या पानावर छापावी, अशी विनंती त्यात आहे. दुरुस्ती एका ओळीची आहे: 'अल्पशा आजाराने' हे शब्द वगळून तेथे 'अज्ञात पदार्थाच्या सेवनाने व वेळेवर उपचार न मिळाल्याने' असे वाचावे.